ऑक्सिजनला कसला आलाय ब्रेक, म्हणणाऱ्यांसाठी

चेंबरवाला (संभाजीनगर)
काल इथं एकानं लिहिलं: “हायपरबेरिकमध्ये, म्हणजे त्या जास्त दाबाच्या बंद चेंबरात, दर अर्ध्या तासाला मास्क काढून पाच मिनिटं साधी हवा देतात. वेळ वाढवून बिल वाढवायचा धंदा. ऑक्सिजननं कधी कुणाचं वाईट झालंय?” खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मला रात्रभर झोप नाही.

मी नऊ वर्षं चेंबर चालवतो. 2.4 एटीए दाब म्हणजे बाहेरच्या हवेच्या 2.4 पट, समुद्रात 14 मीटर खाली गेल्यासारखं. तिथं शुद्ध ऑक्सिजन ओढला की त्याचा दाब रोजच्या हवेतल्यापेक्षा अकरा पटींनी जास्त होतो. शुगरच्या पायाची जखम त्यानंच भरते आणि मेंदूला फिटही त्यानंच येऊ शकते. दाबाखालच्या ऑक्सिजननं प्राण्यांना झटके येतात, हे पॉल बेर यांनी 1878 सालीच लिहून ठेवलंय. जास्तीच्या ऑक्सिजनमधून पेशींत घातक रेणू तयार होतात. शरीर ते निस्तरतं, पण त्याला उसंत लागते. म्हणून 30 मिनिटं ऑक्सिजन, 5 मिनिटं हवा, पुन्हा 30. दाब तोच राहतो, श्वासातला ऑक्सिजन तेवढा पाचव्या हिश्श्यावर येतो.

ओठाचा कोपरा उडायला लागला, मळमळलं, कानात घुमलं, नजर आक्रसली, उगीच चिडचिड झाली, की लगेच हात वर करा. “थोडंच राहिलंय” म्हणून दम धरू नका.

परभणीकर
ते लिहिणारा मीच. वडिलांच्या 30 सिटिंग केल्या, खोली भाड्यानं घेऊन राहिलो. एकदाही ओठ उडाला नाही. ब्रेकच्या वेळी तुमच्यासारखाच एक माणूस बाहेर मोबाइल बघत बसायचा. आम्ही काय समजायचं? आणि 2021 ला याच ऑक्सिजनसाठी मी सिलिंडर घेऊन रात्रभर रांगेत उभा होतो. चुलता गेला. आता तुम्ही त्याला विष म्हणायलात!

चेंबरवाला
चुलत्यांचं वाईट वाटलं. पण त्या वेळी शरीरात ऑक्सिजन कमी पडत होता, इथं मुद्दाम गरजेपलीकडं चढवतो. ते 30 सिटिंग नीट झाले त्यात त्या ब्रेकचाही हात आहे. मोबाइल बघणारा माणूस मात्र चुकलाच. ब्रेकमध्ये पेशंटच्या तोंडाकडं बघायचं असतं.

लातूरचा सर्जन
दोघांनाही सांगतो. नेहमीच्या दाबावर फिट येणं फार विरळ, हजारो सिटिंगमागं एखादी. आली तरी मास्क काढला की बहुतेक वेळा थांबते, मागं काही राहत नाही. तुमची ही पोस्ट वाचून उद्या एखादा शेतकरी चेंबरला नाही म्हणेल आणि महिनाभरानं काळा पडलेला पाय घेऊन माझ्या टेबलावर येईल. तो पाय मला कापावा लागतो, तुम्हाला नाही. भीती पसरवू नका.

चेंबरवाला
सर, विरळ आहे ते काळजी घेतो म्हणून. ताप असताना, फिटचा आजार असताना, रिकाम्या पोटी आत सोडून बघा मग.

लातूरचा सर्जन
माझ्यावर आवाज चढवू नका. काळजी घ्या, पण आकडा सांगून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

गोदाकाठ (नांदेड)
नौदलातून निवृत्त. पाण्यात आम्ही ऑक्सिजनचा दाब 1.6 एटीएच्या वर जाऊ देत नव्हतो. कोरड्या चेंबरात आडवा पडलेला माणूस जास्त सोसतो, आणि तिथं फिट आली तरी बुडत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात केनेथ डोनाल्ड यांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर तपासून पाहिलं, तर एकच माणूस एका दिवशी टिकायचा आणि दुसऱ्या दिवशी लवकर झटका खायचा. “कालपर्यंत काही झालं नाही” हा पुरावा नाही, परभणीकर.

बीडची लेक
रिकाम्या पोटाचं काय म्हणालात? आमच्या आजीला एका सेंटरनं एकादशीला दारातून परत पाठवलं. माळकरी बाई, साठ वर्षांचा उपवास. खाल्ल्याशिवाय आत घेणार नाही म्हणे! उपवास मोडायला लावणारे हे कोण?

चेंबरवाला
तुमच्या आजीला परत पाठवणारा शहाणा होता. माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका मावशींनी सकाळी इन्सुलिन घेतलं, चतुर्थी म्हणून पोटात काही नाही, आणि आम्हाला सांगितलं “जेवून आले”. चेंबरात शुगर आणखी उतरते. विसाव्या मिनिटाला घाम, मग फिट. मास्क ओढून काढला. बाहेरचा पोरगा घाबरून दाब उतरवायला निघाला, मी आतून काचेवर मूठ आपटली. अंग ताठलं असताना श्वास कोंडलेला असतो. तेव्हा दाब उतरवला तर फुप्फुसातली हवा फुगून ते फाटतं. श्वास सुरू झाल्यावरच वर आणलं. शुगर 48. झटका ऑक्सिजनचा की शुगरचा, कोण सांगणार? मावशी वाचल्या. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

बीडची लेक
तुमच्या मावशींनी खोटं सांगितलं म्हणून सगळ्या बायका खोटारड्या? देवाचं नाव निघालं की तुम्हा लोकांना चेव येतो.

चेंबरवाला
ताई, माझ्याही घरी तुळस आहे, वडिलांनी बारा वाऱ्या केल्या. उपवास मोडा असं कुठं म्हणालो? निरंकार राहून इन्सुलिन घेऊ नका आणि आत येण्याआधी खरं सांगा, एवढंच.

गोदाकाठ
उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी चालते की! आमची आई तेच खाऊन दिवसभर कापूस वेचायची.

परभणीकर
ब्रेकचं समजलं. बिलाचं नाही. पाच मिनिटं कशाची ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी लिहिलंच नसतं. पोस्ट काढत नाही, खाली दुरुस्ती टाकतो.

लातूरचा सर्जन
सांगत नाहीत हे खरंय. आम्ही सर्जनही चिठ्ठी लिहून मोकळे होतो.

बीडची लेक
परवा एकादशी, आजीची सातवी सिटिंग. ती भगर खाईल, मी बघते. इन्सुलिन तेवढंच द्यायचं का?

चेंबरवाला
ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. निघताना शुगर तपासा, दारात आम्ही परत तपासतो, 100 च्या खाली असली की थांबवतो. सोबत राजगिऱ्याचा लाडू असू द्या, पण तो बाहेर, तुमच्या पिशवीत.