शॉर्टस्टॉप गेला, आता इनफिल्ड (बेसजवळचे फिल्डर) कशी लावायची?

फोंडेकर
नमस्कार मंडळी, आमच्या बेसबॉल टीमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा राहणारा फिल्डर, शिकायला पुण्याला चाललाय. सीझन चवथ झाल्यावरच सुरू होणार, म्हणजे सगळा पावसाळा हातात आहे, पण ग्राउंडवर चिखल आणि प्रॅक्टिस शाळेच्या हॉलमध्ये. सेकंड बेसवाल्या पोराचे पाय एकदम हलके, बॉल ग्लोव्हमधून हातात कधी आला कळत पण नाही, पण लांबचा थ्रो पोचत नाही, टप्पा पडतो. थर्डवाल्याचा हात जबरदस्त पण बाजूला पळायला वेळ लावतो. एक नवीन डावखुरा पण आलाय, सगळ्यात चपळ तोच, पोरं म्हणतात त्यालाच शॉर्टला टाका. मला थर्डवाला बरा वाटतोय. तुम्ही काय कराल?

डिचोली_कोच
डावखुरा शॉर्टला नको. बॉल उचलल्यावर फर्स्टला (बॅटर मारून पळतो तो पहिला बेस) थ्रो मारायला त्याला अख्खं अंग फिरवावं लागतं, तेवढ्यात रनर पोचतो. त्याला फर्स्टला उभा करा, ग्लोव्ह उजव्या हातात म्हणजे इनफिल्डच्या बाजूला येतो आणि सेकंडला थ्रो न वळता जातो.

आणि नुसता हात बघून शॉर्टस्टॉप निवडू नका हो. स्टॉपवॉच घ्या, बॅटला बॉल लागल्यापासून फर्स्टवाल्याच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये उजव्या बॅटरला फर्स्टला पोचायला साधारण 4.3 सेकंद लागतात, डावऱ्याला 4.2. त्यातला थ्रो हा एक तुकडा झाला, बाकी वेळ पहिल्या पावलात आणि बॉल हातात घेण्यात जातो. त्यात आपली तांबडी माती, वर खडे, बॉल कुठं उडेल सांगता येत नाही. पुढे येऊन टप्प्याच्या आधी घेणारा वाचतो, मागे थांबणारा छातीवर खातो. माझं मत सेकंडवाला.

फोंडेकर
सर, पण थ्रो? आतल्या बाजूला थर्डकडे जाऊन उचलला तर तिथून फर्स्ट म्हणजे जवळजवळ थर्ड ते फर्स्टएवढंच अंतर, 127 फूट. त्याला सेकंडवरून याच्या निम्म्याची सवय. टप्पा टाकूनच मारायला शिकवला तर?

साखळीचा_फॅन
मेजर लीगमधल्या सिनसिनाटी रेड्सचा शॉर्टस्टॉप डेव्ह कन्सेप्सियॉन तसाच मारायचा, मुद्दाम एक टप्पा टाकून, पण ते ॲस्ट्रोटर्फवर (नकली गवत), तिथं बॉल सरळ येतो. आपल्या खड्यांवर टप्पा टाकला तर फर्स्टवाल्याचं तोंड फुटेल. हॉलमध्ये छान जमेल आणि मॅचमध्ये गोची होईल, म्हणून ती सवयच लावू नका.

जागा बदलायला घाबरू नका मात्र. मेजर लीगचा मार्कस सेमियन शॉर्टस्टॉप होता, 2021 ला टोरांटोच्या टीममध्ये बिशेट शॉर्टला म्हणून सेकंडला गेला आणि त्याच वर्षी 45 होमरन आणि गोल्ड ग्लोव्ह (त्या जागेच्या बेस्ट फिल्डरचं बक्षीस). ए-रॉडनं (अॅलेक्स रॉड्रिगेझ) 2004 ला यांकीजमध्ये जेटरसाठी शॉर्ट सोडून थर्ड घेतलं. मूकी बेट्स तर आउटफिल्डचा माणूस, 2025 चा सगळा सीझन शॉर्टला खेळला आणि त्याच्या डॉजर्स टीमनं वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकली. पण ही माणसं वेगळीच, आपल्या पोरांना एकावेळी एकच बदल द्या. थर्डवाला आहे तिथंच राहूदे, त्याच्या हाताची खरी गरज तिथंच आहे.

पेडणे_सॉफ्टबॉल
मी सॉफ्टबॉलमध्ये शॉर्टला खेळते, आमचे बेस 60 फुटांवर त्यामुळे सगळं हातांच्या वेगावर. दादा, हात वाढवता येतो, पावलं शिकवायला जास्त वेळ जातो. गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत शोधा, वर पत्रा असेल तर पावसात पण चालेल. टेनिस बॉल मारायचा, चिरा खडबडीत असल्यानं बॉल वाकडातिकडा परत येतो, अगदी आपल्या ग्राउंडवर येतो तसा. आणि पाऊस उघडला की लाँग टॉस, म्हणजे लांबून थ्रोची प्रॅक्टिस, अंतर हळूहळू वाढवत, खांदा दुखला की त्या दिवशी बंद.

फोंडेकर
थँक्यू ताई, अशी भिंत आमच्या शाळेच्या मागेच आहे. मग सेकंडला कोण? आउटफिल्डमधला एक पोरगा विचारतोय.

डिचोली_कोच
त्याला आधी डबल प्लेचा (एका बॉलवर दोन आउट) पिव्हट, म्हणजे सेकंड बेसवर बॉल घेऊन लगेच फर्स्टला मारणं, करून बघा. शॉर्टवाला पळत येतो तो फर्स्टच्याच दिशेनं, सेकंडवाला उलटीकडून येतो आणि रनर अंगावर येत असताना वळून मारावं लागतं. हे काम हॉलमध्ये मस्त होतं, बेसच्या जागी रबराची चटई टाका, घसरणारी नको.