घरची सांग्रिया आणि सणासुदीची मिश्र पेयं: तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर अखेरीस आमच्याकडे चार घरं एकत्र जमतात आणि मोठ्या काचेच्या बरणीत सांग्रिया होते. पहिली दोन वर्षं ती साफ फसली. फळं, वाइन, सोडा सगळं ऐन वेळी ओतलं होतं. वाइन वेगळी लागत होती, फळं वेगळी. आता ७५० मिली रेड वाइनमध्ये दोन संत्री, एक सफरचंद, ६० मिली ब्रँडी आणि थोडा साखरेचा पाक घालून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवते. सोडा आणि बर्फ पाहुणे दारात आल्यावरच. तुमचं कुठे बिघडलं, कशाने जमलं, सविस्तर लिहा.

नाशिकहून
माझी सांग्रिया दुसऱ्या दिवशी कडू व्हायची. वाइनला दोष देत होते, दोष होता संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्याचा. आता एकाच संत्र्याची साल किसणीवर वरवर किसून घेते आणि बाकी फोडी सोलून, बिया काढून टाकते. सफरचंद करकरीत राहतं. केळं मात्र चुकूनही घालू नका, सगळा लगदा होतो. वाइन साधी चालते. महागड्या वाइनची नजाकत साखरेत आणि फळांत हरवते. पण उघडून आठवडा झालेली, आंबूस वासाची बाटली खपवायला सांग्रिया करू नये, तो वास कशानेही जात नाही.

पूर्वी माद्रिदमध्ये राहणारा
शेजारच्या आजी उन्हाळ्यात घरी सांग्रिया क्वचितच करायच्या. त्यांचं रोजचं पेय म्हणजे ‘तिंतो दे वेरानो’: रेड वाइन आणि लिंबाचा गोडसर सोडा निम्मे निम्मे, भरपूर बर्फ. मुरवणं नाही, चिरणं नाही. सांग्रियाच्या नावाबद्दल तिथे मोठा अभिमान. २०१४ च्या युरोपीय नियमानुसार नुसतं ‘सांग्रिया’ असं नाव स्पेन आणि पोर्तुगालमध्ये तयार झालेल्या पेयालाच लावता येतं.

पेडणे, गोवा
आमचा सण म्हणजे शिगमो, आणि तेव्हा उर्राकाचा हंगाम. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर एकदा उतरवला की उर्राक, पुन्हा उतरवला की फेणी. उर्राक सौम्य, तिला बोंडांचा ताजा वास असतो. उंच पेल्यात बर्फ, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिम्का. मिरची चेचायची नाही, नुसता चिरा द्यायचा. तिखटपणा शेवटच्या घोटापर्यंत हळूहळू उतरतो. काका मिरची घालायच्या आधी तळहातावर आपटून घेतात, त्याने वास मोकळा होतो. हे सगळं मे संपेपर्यंतच. फेणीत हाच मसाला घालून पाहिला. तिच्या उग्र वासापुढे मिरची टिकत नाही.

म्युनिकहून
नाताळात ग्लूवाइन करतो: रेड वाइन, दालचिनी, लवंग, संत्रं, साखर. पहिल्या वेळी चहासारखी खळखळ उकळली. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे ते उडून गेलं आणि लवंग कडू झाली. आता वाफ दिसू लागली की गॅस बंद.

पुण्याहून
एक काळजीची गोष्ट सांगते. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या वाटीतली उरलेली सफरचंदं माझ्या सात वर्षांच्या भाच्याने खाल्ली. फळांनी वाइन, ब्रँडी शोषलेली होती. लगेच डॉक्टरांना फोन केला, वहिनी आणि मी रात्रभर त्याच्या उशाशी बसलो. तो ठीक राहिला, पण तेव्हापासून उरलेली फळं मी त्याच रात्री टाकून देते.

मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी आधीच दुसरी बरणी भरते: कोकमाचं आगळ, गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, वर सोडा. दोन्ही पेयं लालच दिसतात, म्हणून या बरणीच्या गळ्याला हिरवी रिबीन बांधते आणि पेलेही वेगळे ठेवते. सासूबाई दर वर्षी तिच्यात पुदिन्याची पानं स्वतः खुडून घालतात.