सेल्समन निवडताना व्यवहारज्ञान कसं तपासायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळ आमचा चिवडा-फरसाणचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, एक पॅकिंग मशीन आणि घरचे धरून नऊ माणसं. मिरज, तासगाव, विटा, कवठे महांकाळ, जत एवढ्या भागात किराणा दुकानं आणि टपऱ्यांवर माल जातो. आतापर्यंत मी आणि धाकटा भाऊ फिरायचो. भावाला आता भट्टीवरून हलता येत नाही, म्हणून सेल्समन बघतोय.

मागे एक ठेवला होता. बोलायला फर्डा, पायात चकचकीत बूट. पहिल्याच महिन्यात ऑर्डरी दुप्पट झाल्या, मी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. तिसऱ्या महिन्यात कळलं, की 'राहू दे हो, खपलं नाही तर परत घेतो' म्हणत त्याने माल कोंबला होता. महिन्याला ४० पाकिटं खपणाऱ्या दुकानात १२०! खवट वास मारणारी पोती परत आली, दीड लाखाची उधारी अडकली आणि साहेबांचा फोन बंद. चूक माझीही आहे, कमिशन मी ऑर्डरवर ठरवलं होतं.

आता दोघंजण समोर आहेत. एकाने एमबीए केलंय आणि दोन वर्षं मोठ्या कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरकडे काम केलंय. दुसरा बारावी झालेला, मोबाईल रिचार्जच्या दुकानात होता, बोलताना जरा अडखळतो. दोघांना मी तेच प्रश्न टाकले.

पहिला प्रश्न : जत, विटा, कवठे महांकाळ, तासगाव दोन दिवसांत कसं उरकाल? एमबीएवाल्याने मी सांगितलं त्याच क्रमाने नावं लिहून घेतली. दुसरा म्हणाला, 'तासगाव-विटा एका दिवशी, कवठे महांकाळ-जत दुसऱ्या दिवशी. जतला बाजार कुठल्या वारी असतो ते बघून दिवस ठरवतो.' का, विचारलं तर म्हणाला, बाजाराच्या दिवशी दुकानदाराला बोलायला सवड नसते.

दुसरा प्रश्न : दुकानदार म्हणतो माल पडून आहे, मागचं बिलही देत नाही, काय कराल? एमबीएवाल्याने 'रिलेशनशिप बिल्डिंग' सांगितलं. दुसऱ्याने मलाच विचारलं, 'पाकिटं ठेवलीत कुठं त्याने? साबणाच्या मागं असतील तर खपणार कशी?'

इथे मी मनातल्या मनात टाळी दिली. पण तिसऱ्या प्रश्नाला तो गडबडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा जुन्या छापील किमतीच्या मालावरून दुकानदारांनी आमचं डोकं खाल्लं होतं. असा प्रश्न आला तर काय सांगाल, यावर एमबीएवाल्याने आधीच्या कामात सुधारित किमतीचे स्टिकर कसे लावले आणि हिशोब कसा बसवला ते नीट सांगितलं. दुसरा गप्प. मग म्हणाला, 'तुम्हाला फोन लावतो.'

आता अडलोय. चहा पिताना सुचलेल्या दोन उत्तरांवर माणूस ठेवावा का? व्यवहारज्ञान मुलाखतीत कळतं तरी का? आणि पगार-कमिशन कसं बांधू?

प्रतिसाद १
मुलाखत पुरे. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बाजारात न्या, दिवसाची मजुरी द्या, फुकट राबवू नका. दहा दुकानं करा आणि तुम्ही गप्प बसा. दुकानात शिरल्यावर तो आधी मालकाकडे बघतो की फळीकडे, एवढंच बघा. मागे गेलेला जुना माल न सांगता पुढे ओढला तर माणूस कामाचा.

प्रतिसाद २
२२ वर्षं बिस्किटांच्या लाईनवर (दुकानोदुकानी फिरून विक्री) काढलीत, म्हणून वेगळं बोलतो. व्यवहारी माणूस स्वतःच्या बाबतीतही व्यवहारी असतो. माझा सर्वात हुशार पोरगा वसुलीचे पैसे आठ-आठ दिवस वापरायचा. क्यूआर कोड कारखान्याच्या खात्याचाच द्या, रोख घेतली तर पावती आणि संध्याकाळी भरणा. कमिशन वसूल झालेल्या रकमेवर, परत आलेला माल वजा करून.
बाकी बाजाराच्या दिवशी ऑर्डर मिळत नाही हे खरं, पण गल्ल्यात रोकड त्याच दिवशी असते. तुमच्या बारावीवाल्याला हे अर्धंच ठाऊक आहे.

प्रतिसाद ३
'तुम्हाला फोन लावतो' हे उत्तर मला तरी आवडलं. ठाऊक नसताना थाप मारणाऱ्यानेच तुमचा दीड लाख घालवला ना? किमतीचं काय ते अर्ध्या तासात शिकवता येईल. साबणामागची पाकिटं कशी शिकवणार? पेट्रोल आणि जेवणाचे पैसे मात्र पगारातून कापू नका, नाहीतर तो जतला न जाता मिरजेतल्या मिरजेतच फिरेल.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. सोमवारी एमबीएवाल्याला आणि मंगळवारी दुसऱ्याला घेऊन तासगाव लाईन करतोय. दुकानं वेगळी घेईन, नाहीतर दुसऱ्याला पहिल्याने लावलेली फळी आयती मिळेल. @प्रतिसाद २, भरणा रोज संध्याकाळी म्हणता, पण जतहून परतायला रात्रीचे नऊ वाजतात. तुम्ही लांबच्या लाईनला काय करायचात?