रविवारचा लाँग रन: गटाने की ज्याचा त्याने?

सुरूबन: मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या मध्यावर, त्यामुळे ऑक्टोबर लागला की रत्नागिरीत रविवारी पहाटे लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, भाट्ये पुलावरून पावस गावाच्या दिशेने घोळके निघतात. माझं मत: २० किमीपर्यंत गट ठीक, त्यापुढचे रन ज्याने त्याने आपल्या वेगाने करावेत.

हिशोब बघा. ४ तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याचा शर्यतीचा वेग किमीला ५:४१ (५ मिनिटं ४१ सेकंद), ५ तासांवाल्याचा ७:०७. लाँग रन त्याहून ४५ ते ६० सेकंद हळू धरला, तर पहिल्याने साधारण ६:३५ ने पळायचं आणि दुसऱ्याने ८:०० ने. प्रत्यक्षात सगळे ६:४५ ला चिकटतात, कारण पुढचे दोघे तसे पळतात. म्हणजे ५ तासांवाला दर रविवारी शर्यतीपेक्षाही जोरात पळतोय! डिसेंबरात पोटरी नाहीतर गुडघ्याची बाहेरची बाजू धरते आणि खापर बुटांवर फुटतं.

मांडवीकर: अजिबात पटलं नाही. पहाटे साडेचारला अंधारात एकट्याने बाहेर पडा म्हणणं सोपं आहे. त्या वेळी मासळीचे टेम्पो सुसाट असतात आणि प्रत्येक वाडीची कुत्री वेगळी. पाचसहा जण, पाठीला लाल दिवा, अंगात चमकणारं जॅकेट असेल तर टेम्पोवाल्याला लांबून दिसतं. बायकांना तर एकटीने जा म्हणूच नका.

दुसरं पाणी. तासाला माणशी ६०० मिली धरलं तर १२ जणांना ३ तासांसाठी २१ लिटरच्या वर लागतं, २० लिटरचा एक जार पुरत नाही. ते ओझं एकटा कसं नेणार? गटात एक स्कूटर दर ३ किमीला पुढे जाऊन थांबते, काम झालं.

सुरूबन: स्कूटर हवी, मान्य. पण सगळे एकाच वेगाने कशाला?

गोळपचा चढ: दोघांचं भांडण घड्याळाने मिटतं. अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. सगळे ४:३० ला निघा, ज्याने त्याने आपला वेग धरा, ६:०० वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. किमीला ६:३५ च्या वेगाचा १३.७ किमीवर असेल, ८:०० च्या वेगाचा ११.२ वर. फरक अडीच किमीचा, एक स्कूटर आरामात सांभाळते. परतताना हळूवाले पुढे, जोरवाले मागून येतात, आणि ७:३० ला सगळे पुलावर. कोणी कोणासाठी ताटकळत नाही. चढावर मात्र वेग विसरा. वाटेतल्या गोळपच्या चढाला बोलता येईल इतकाच जोर लावा. तोंडातून वाक्य पुरं होत नसेल तर चाला.

पाचतासवाली: आणि ८:०० वालीचे ३ तासांत होतात साडेबावीस किमी. तेवढ्यावर ४२ किमी काढायचे? तुमच्या घड्याळाने भांडण मिटतं ते फक्त जोरवाल्यांचं.

गोळपचा चढ: साडेतीन तास करा, २६ होतात. त्यापुढे जाऊ नका. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके चढत जातात. आठनंतरच्या उन्हात काढलेल्या ५ किमीतून ताकद येत नाही, पुढचे तीनचार दिवस मात्र पाय उचलत नाहीत. उरलेली कसर शनिवारी संध्याकाळी ८–१० किमी सावकाश पळून भरा. रविवारी दमलेल्या पायांनीच सुरुवात होते, शर्यतीचा उत्तरार्ध तसाच असतो.

पाचतासवाली: शनिवारचं पटलं. पण एकदा तरी ३० हवेतच, पायांपेक्षा मनासाठी. डिसेंबरच्या गारव्यात, पावणेचारला निघून.

भरती ओहोटी: डांबर कशाला, भाट्येची पुळण आहे की.

मांडवीकर: पुळणीवर २५ किमी? गुडघे हवेत ना अजून?

भरती ओहोटी: ओल्या, घट्ट वाळूवर १० किमीपर्यंतच म्हणतोय. तेही पंचांग बघून. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे पायाखाली फक्त भुसभुशीत वाळू. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या रविवारी पहाटे ओहोटी, तेव्हा हवी तेवढी रुंद पट्टी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून एक रविवार साधला की पुढचा हुकतो. पुळण समुद्राकडे उतरती असते. जेवढं जाल तेवढंच परत या, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार.

रस्त्यावर हे जमत नाही, हे कोणी बोलत का नाही? समोरची गाडी दिसावी म्हणून आपण जाता-येता उजवी कड धरतो. रस्ता कडेला उतरता, त्यामुळे उजवा पाय कायम खाली. उजाडल्यावर रस्ता मोकळा नि सरळ असेल तिथे मधोमध या, वळणावर लगेच कडेला, एकामागे एक.

मांडवीकर: बरोबर. पाण्याबद्दल एक राहिलं. ओआरएसची २१ ग्रॅमची पुडी १ लिटरला असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की पोट ढवळतं, आणि दोष पळताना चोखायच्या एनर्जी जेलला. शहाळं पळून झाल्यावर घ्या. त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम.

सुरूबन: आणि गटाच्या पाण्याचा तोटाही लिहा की. स्कूटर दिसली की तहान नसताना सगळे पितात. निघताना आणि आल्यावर घाम पुसून, ओले कपडे काढून वजन करा. किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर कमी पडलं. वजन वाढलं असेल तर जास्त प्यालात; त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाजतात.

पाचतासवाली: वजनकाटा स्कूटरवर कोण आणणार?

गोळपचा चढ: घरीच करायचं. स्कूटरवर कोण बसणार ते आधी ठरवा, ६:०० ला मागे फिरायचंय.