पेंटबॉलची गोळी दुपारी जास्त जोरात लागते. बाटला सीओटूचा ठेवू की हवेचा घेऊ?

मुलुंडची_टर्फवाली:
नमस्कार. मुलुंडला माझा आणि भावाचा छोटा टर्फ आहे. मागच्या पट्ट्यात जाळी लावून दिवाळीपासून पेंटबॉल सुरू केलंय. सहा साधे मेकॅनिकल मार्कर (रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका) आणि बारा औंसांचे आठ सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बाटले, सगळं एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून एकगठ्ठा घेतलं.

सकाळी आठला क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वेग २७० फूट प्रति सेकंद लावून ठेवते. दुपारी दोनला तोच मार्कर, कुणी हात लावलेला नसताना, ३०५ दाखवतो. गेल्या रविवारी बारावीतल्या एका मुलाच्या दंडावर असा वळ उठला की मी उरलेला खेळ बंद करून सगळ्यांचे पैसे परत केले. त्याच्या आईला फोनही मीच केला. तेव्हापासून झोप नीट नाही.

मेकॅनिक म्हणतो स्प्रिंग बदला. शिवाय दोन बाटले रात्रभरात रिकामे होतात. शेजारचा गॅरेजवाला म्हणतो, हवेचे बाटले घ्या, भरून मी देतो. काय करू?

बाटलेवाला_कुर्ला:
ताई, खेळ थांबवलात ते फार बरं केलंत. स्प्रिंगला हात लावू नका, मार्कर ठीक आहे.

मी बावीस वर्षं कुर्ल्यात आग विझवायच्या बाटल्यांत सीओटू भरतोय. हा गॅस बाटल्यात द्रव असतो, वर त्याची वाफ. दाब किती हे तापमान ठरवतं. २१ अंशांना साधारण ८५० पीएसआय (हे दाबाचं माप), ३१ अंशांना १०७० च्या आसपास. ३१ च्या वर तर द्रव उरतच नाही, आणि मग जितकं ठासून भरलंय तितका दाब चढत जातो. एप्रिल-मेमध्ये मुंबईत ही रेषा दुपारच्या आधीच ओलांडली जाते. तुमचे ३०५ तिथून येतात. म्हणून क्रोनो दर खेळाआधी लावा, सकाळचा आकडा दुपारी धरू नका. बाटले सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

भरण वजनावर होते, अंदाजावर नाही. बारा औंस म्हणजे ३४० ग्रॅम. रिकामा बाटला काट्यावर ठेवून ते वजन त्याच्या अंगावर लिहा, भरून आला की पुन्हा तोला. मी उन्हाळ्यात ३०० वरच थांबतो. जास्त भरला तर व्हॉल्व्हमधली बर्स्ट डिस्क, म्हणजे पातळ चकती, फुटते. ती फुटण्यासाठीच बसवलेली असते, पण शेजारी मूल उभं असेल तर?

गळतीबद्दल एक सांगा. ते दोन बाटले रात्री मार्करवरच राहतात का? तसं असेल तर आधी तोंडावरची ओ-रिंग बघा. काळी रबरी रिंग सीओटू शोषते, फुगते आणि चिरते. पॉलियुरेथेनची घ्या, नागदेवी स्ट्रीटला सीलच्या दुकानात जुनी रिंग नमुना म्हणून दाखवली की मिळते. काढून ठेवलेला बाटलाही रिकामा होत असेल तर पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे मधल्या पिनपाशी आले तर आतलं सील गेलंय. व्हॉल्व्ह आणि बाटला जिथे जुळतात तिथून आले तर पाना लावू नका, भरणावाल्याकडे न्या.

आजच एक काम करा. त्या सांध्यावरून, अर्धी व्हॉल्व्हवर आणि अर्धी बाटल्यावर येईल अशी, नेलपॉलिशची उभी रेघ मारा. मार्करवरून बाटला फिरवून काढताना रेघ तुटलेली दिसली तर मार्करऐवजी व्हॉल्व्हचेच आटे सुटतायत. लगेच थांबा, माणसं लांब करा. मी नवखा असताना आमच्या गाळ्यात असा एक बाटला सुटला आणि वरचा पत्रा फाडून गेला. खाली कोणी नव्हतं म्हणून वाचलो. तो आवाज आजही कानात आहे.

माहीमचा_पाणबुड्या:
काकांनी सीओटूचं सांगितलं, मी हवेचं सांगतो. आम्ही डायव्हिंगचे सिलिंडर भरतो.

गॅरेजच्या कॉम्प्रेसरमधून १५० पीएसआय निघाले तरी खूप. पेंटबॉलचा हवेचा बाटला ३००० पीएसआयचा असतो. डायव्हिंगवाले २०० बारपर्यंत भरतात, म्हणजे सुमारे २९००, तेवढं पुरतं. ४५०० चे कार्बन फायबरचे बाटले हलके असतात, पण तेवढा दाब देणारा कॉम्प्रेसर जवळ नसेल तर घेऊन काय उपयोग? मी ४८ घनइंचाचा ३००० वाला ॲल्युमिनियमचाच घेईन. त्याचा रेग्युलेटर बाहेर साधारण ८०० पीएसआयच देतो, ऊन असो वा पाऊस. तुमचा वेग असा उड्या मारणार नाही. गोळ्या मात्र कमी सुटतात, एका भरणीत चार-पाचशे धरा.

भरताना घाई नको, बाटला तापतो. भरायच्या निपलला तेल किंवा ग्रीस लावू नका, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. वेल्डिंगवाला ऑक्सिजन भरून देतो म्हणाला तर तिथून निघा. आणि तुमच्या आत्ताच्या सीओटू बाटल्यात ही हवा कधीही भरू नका, त्यांची मर्यादा १८०० आहे. बाटला पूर्ण रिकामा करूनही ठेवू नका. थोडी हवा आत राहिली तर आपल्या पावसाळ्याचा दमटपणा आत शिरत नाही.

बाटलेवाला_कुर्ला:
हवेचे घ्या, माझंही मत तेच, माझं गिऱ्हाईक गेलं तरी. पण घेण्याआधी पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी बघा, त्यांचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. मंजुरी नसलेला बाटला परवाना असलेला भरणावाला भरणार नाही. आणि जुन्यांच्या खांद्यावर कोरलेली तारीख वाचा. पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. बाटल्यात पाणी भरून ३००० पीएसआयपर्यंत दाबतात आणि तो किती फुगला ते मोजतात.

मुलुंडची_टर्फवाली:
आत्ता काट्यावरून उठले. एका बाटल्यात ३७२ ग्रॅम निघाले. आठपैकी तिघांवर २०११ कोरलंय, नंतरचा शिक्काच नाही. गळणारे दोन त्यातलेच, आणि बुडबुडे पिनपाशी. पाचही चांगल्यांना रेघ मारली. हे तीन भंगारवाल्याला देऊ का?

बाटलेवाला_कुर्ला:
असे नाही. भंगारातून ते पुन्हा कुणाच्या तरी हातात भरून येतील. ३७२ वाला कुठलाही असो, आधी मोकळ्या जागेत हळूहळू गॅस सोडा. मग तिन्ही कुर्ल्याला आणा, व्हॉल्व्ह काढून अंगाला आरपार भोक पाडून देतो. पैसे नकोत. रविवार सोडून कधीही या.