जमिनीखाली जिवाणू कामाला लागलेत, हे तारांवरून कळतं का?

भूजलवेडा: दूषित भूजल साफ करायला हल्ली जिवाणूंवर भिस्त ठेवतात. बोअरमधून लॅक्टेट (दुधातल्या आम्लाचा क्षार) किंवा मळी सोडायची, जिवाणूंना खायला घालायचं. पण ते खाद्य गेलं कुठे? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा सारखा शिजतो. जमीन तशी नसते. चार निरीक्षण विहिरींच्या मधे असलेल्या वाळूच्या पट्ट्यातून सगळं वाहून गेलं तरी पत्ता लागत नाही. माझं म्हणणं, इलेक्ट्रोड कायमचे पुरा, नेमाने रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमीन विजेला कुठे किती अडवते याचं, चित्र घ्या आणि विहिरी निम्म्या करा.

नमुनेवाला: निम्म्या? अजिबात नको. चित्रात दिसते वाहकता, रसायन नव्हे. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे धातूचं तेलकट साफ करायचं द्रावण, जिवाणूंकडून तुटता तुटता व्हिनाइल क्लोराइडवर येऊन अडकलं तर? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात पहिल्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम, दुसऱ्याची 2. म्हणजे दुखणं वाढलं, आणि तुमच्या चित्राला त्याची गंधवार्ता नाही. शिवाय पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण 2 टक्के चढते. उन्हाळा लागला की जिवाणू जोमात, असं समजायचं का?

भूजलवेडा: तापमानाची दुरुस्ती करता येते हो. कोलोरॅडोतल्या रायफलला जुन्या युरेनियम गिरणीच्या जागी, पाण्यातलं युरेनियम काढायला, जिवाणूंना खाद्य म्हणून अ‍ॅसिटेट सोडून पाहिलंय. जिवाणूंनी तयार केलेलं लोह सल्फाइड मातीत बसलं आणि प्रेरित ध्रुवीकरणाच्या मोजणीत (जमीन वीज थोडा वेळ किती साठवून धरते, ते मोजतात) तो फरक जमिनीवरूनच दिसला.

नमुनेवाला: दिसला, पण ते लोह सल्फाइडच आहे हे पाण्याच्या नमुन्यांनी सांगितलं ना? आणि तिथलीच दुसरी गोष्ट सोडलीत. लोह वापरणाऱ्या जिवाणूंची पाळी संपून सल्फेट खाणारे जिवाणू माजले, तेव्हा युरेनियम काढण्याचं काम मंदावलं होतं. सल्फाइड साचायचा काळही तोच. चित्र झळाळतंय म्हणून खूश व्हायचं, आणि खाली काम बिघडतंय!

भूजलवेडा: मग ती धोक्याची घंटाच झाली की! अ‍ॅसिटेट कधी आवरायचं, हे विहिरीचा अहवाल यायच्या आधी कळेल.

तारवाली: दोघांनाही एक सांगते. विहिरीची केसिंग, म्हणजे आत बसवलेली नळी, लोखंडी असेल तर तीच वीज ओढून घेते. मी एकदा सकाळभर ज्या ‘प्रदूषणा’वर खूश होते, तो गाडलेला पाइप निघाला. आणि इलेक्ट्रोडपासून लांब गेलं की चित्र पुसट होत जातं, तिथे रंग भरतं ते बरंचसं गणितच.

नमुनेवाला: घ्या! नमुना कुठे घ्यायचा हे चित्रावरून ठरवा, त्याला माझी ना नाही.

भूजलवेडा: बरं, निम्म्या नको. एक तृतीयांश विहिरी कमी?

नमुनेवाला: एकही नाही.