मदत हवी आहे: जुन्या रेकॉर्डच्या रीइश्यूमध्ये (नव्याने छापलेल्या प्रतीत) 'स' चिरका येतोय, ओरिजिनल घेऊ का? शनिवारच्या आत सांगा

रानवारा
इटालो-डिस्को (ऐंशीच्या दशकातलं इटालियन डान्स संगीत) ऐकणारं कोणी आहे का इथे? रीइश्यू मागवली, २८ युरो गेले. बाजू संपत आली की 'स', 'श' कानात घुसतात आणि बेसमध्ये दमच नाही. एका दुकानदाराने ओरिजिनल शनिवारपर्यंत बाजूला ठेवलीय, किंमत तिप्पट. घेऊ की नको? सुई नवी आहे, तेव्हा कृपया सुईवर लिहू नका.

तबकडीवाला
कोणती रेकॉर्ड? प्लेअर कोणता? मिनिटाला ४५ फेऱ्यांची की ३३ ची? एवढंही न सांगता काय सांगणार?

शेवग्याची शेंग
बाहेरून मागवताना पार्सलवर किंमत नीट लिहून घ्या. माझं कस्टममध्ये तीन आठवडे अडकलं होतं, सोडवायला फार त्रास झाला.

रानवारा
शेंगताई, मी इटलीत बोलोन्यात राहतो, कस्टम लागतच नाही. रेकॉर्ड सॅव्हेजची 'डोन्ट क्राय टुनाइट', १९८३. रीइश्यू १८० ग्रॅमची आहे, म्हणून तर घेतली.

बारा_इंची
१८० ग्रॅमने आवाज सुधारत नाही. ते फक्त प्लास्टिकचं वजन. मूळ टेपवरून कटिंग (खोबण्या कोरणं) केलंय, की कोणाच्या जुन्या रेकॉर्डवरून उतरवून घेतलंय, त्यावर सगळं ठरतं. ओरिजिनल घ्या, विचार करू नका.

तबकडीवाला
असं सरसकट कसं म्हणता? या रेकॉर्डी डीजेंच्या पेट्यांमधून आल्यात. गाण्याची सुरुवात जुळवायला तीच जागा शंभरदा मागेपुढे घासलेली असते, तिथे खरखर येते. माझ्याकडच्या तीन ओरिजिनल अशाच आहेत. आणि रानवारा, ४५ की ३३, ते राहिलंच.

रानवारा
३३. एका बाजूला तीन व्हर्जन आहेत. त्याने काय फरक पडतो?

तबकडीवाला
सगळा फरक तिथेच आहे हो! त्या काळच्या बऱ्याच मॅक्सी (बारा इंची सिंगल) ४५ वर चालायच्या. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत. त्यामुळे खोबण्या रुंद, बेसला भरपूर जागा. तुमच्या रीइश्यूत तीन गाणी कोंबल्यावर खोबण्या अरुंद होणार आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागणार. शिवाय ३३ वर काठाशी सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबणी सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. 'स' मधली बारीक कंपनं तेवढ्या जागेत दाटीने बसतात आणि सुईला ती धरता येत नाहीत.
तरी एक करून बघा. तुमच्याकडची दुसरी एखादी चांगली रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजवा. तीही चिरकली तर कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) वाकडं बसलंय. सुई नवी असली तरी.

तुळशीवृंदावन
सॅव्हेज म्हणजे रॉबेर्तो झानेत्ती ना? त्यानेच पुढे रॅपर आइस एमसीची गाणी केली. 'थिंक अबाउट द वे', १९९४! आमच्या गॅदरिंगला त्यावर नाचलो होतो. ती रेकॉर्ड मिळेल का कुठे?

बारा_इंची
वेगळा धागा काढा ना. रानवारा, ओरिजिनल म्हणून नकलीही खपवतात. लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर तिरका उजेड पाडून बघा. इटलीत छापलेल्या बऱ्याच रेकॉर्डींवर तिथे हाताने कोरलेली तारीख असते, आणि लेबलवर 'सियाए'ची (इटलीतल्या कॉपीराइट संस्थेची) खूण. लेबलची छपाई फोटोवरून काढल्यासारखी पुसट दिसली तर परत द्या.

शेवग्याची शेंग
रेकॉर्ड धुतली का पण? नव्या रेकॉर्डवरही कारखान्यातली धूळ असते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड वापरा.

रानवारा
धुतली. आत्ताच १९८४ ची दुसरी मॅक्सी लावून बघितली, लेबलपर्यंत एकदम स्वच्छ. म्हणजे कार्ट्रिज ठीक आहे. रीइश्यू परत पाठवतोय. उद्या टॉर्च घेऊन दुकानात जातो.

तबकडीवाला
दुकानात प्लेअर असेल तर पहिला अर्धा मिनिट हेडफोनवर ऐकायला मागा. तिथे खरखर असली तर भाव पाडून मागा, आणि नाही म्हणाला तर सोडून द्या.